लाँग रन पायवाटेवर केला तर किलोमीटर कसे धरायचे?

रविवारचा_धावक:
मंडळी, हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे, सगळी रस्त्यावरच. गाड्या आणि धुराचा वैताग आला म्हणून हल्ली रविवारचा लाँग रन टेकडीमागच्या पायवाटेवर करतोय. जागा एक नंबर, दाट झाडी, मध्ये ओढा लागतो, वर पोचलं की सगळं खोरं दिसतं. पण पेसची पार वाट लागलीये, किलोमीटरमागे दोन-अडीच मिनिटं जास्त जातात आणि वर घड्याळ अंतरही कमीच दाखवतं असा संशय आहे. प्लॅनमध्ये १८ किमी असेल तर इथे पण १८च करायचे का? दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात ते वेगळंच. आणि नजर कायम पायाखाली, मग एवढ्या भारी जागी जाऊन बघितलं काय?

चढाचा_दम:
किमी सोडा, वेळ धरा. रस्त्यावर १८ ला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ तिथे पळा, अंतर जे होईल ते होईल. आकड्याशिवाय झोप येतच नसेल (आपल्यातल्या निम्म्यांना येत नाही) तर नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा जुना हिशोब आहे, १८९२ चा, ५ किमी चालायला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला वर आणखी एक तास. म्हणजे १०० मीटर चढ म्हणजे सपाटीचे साधारण ८०० मीटर. १२ किमीत ४०० मीटर चढ असेल तर १५ च्या आसपास धरा. चालणाऱ्यांसाठीचा नियम आहे, त्यामुळे अंदाजापुरताच घ्या.

संशय बरोबर आहे, घड्याळ ठरावीक वेळाने जागा टिपून मध्ये सरळ रेघ मारतं, नागमोडी वाटेवर वळणं कापली जातात. दर सेकंदाला नोंद करायचं सेटिंग असेल तर ते लावा.

उतारप्रेमी:
मांड्यांचं कारण चढ नाही हो, उतार! उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक मारत असतो, म्हणून दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतं. पण एकदा हा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे तोच उतार बराच कमी छळतो, तेव्हा दुखतंय म्हणून एकदम सोडून देऊ नका, मधला एखादा रविवार रस्त्यावर काढा आणि परत जा. पावलं छोटी आणि पटापट, टाच लांब पुढे टाकू नका, घाबरून मागे रेलू पण नका, मागे रेललं की पाय सटकतोच.

पाऊलवाट_७:
बघायचं असेल तर चढावर बघा की! तीव्र चढ सरळ चालत चढायचा, यात कमीपणा काही नाही, आल्प्समधल्या यूटीएमबी या डोंगरी शर्यतीत साधारण १७० किमीला १०,००० मीटर चढ असतो, तिथे पहिले येणारेसुद्धा असे चढ चालतच चढतात. पळताना नजर पायाखाली नको, तीन-चार मीटर पुढे ठेवा, पाय कुठे टाकायचा ते डोक्यात आधीच बसतं. वाळलेल्या पानांचा थर दिसला की मात्र वेग कमी, खाली मूळ किंवा सुटा दगड असतोच आणि घोटा तिथेच मुरगळतो. आणि खोरं दिसतं तिथे घड्याळ पॉझ करून दोन मिनिटं उभे राहा ना राव, कोण विचारतंय! कंटाळा आला तर तीच वाट उलट्या बाजूने करा, वेगळीच वाटते.

रविवारचा_धावक:
झकास, उद्यापासून वेळ धरूनच पळतो. रोडचेच शूज चालतील का?

उतारप्रेमी:
सुक्या मातीवर आरामात चालतील. ओढ्याकाठी चिखल असेल तर चार-पाच मिलिमीटर खोल नक्षीचा सोल हवा, नाहीतर घसरगुंडी. एकटे जात असाल तर कुठल्या वाटेने जाताय आणि कधीपर्यंत परत येताय ते घरी सांगून जा, झाडीत रेंज जाते. आणि ओले शूज कडक उन्हात किंवा हीटरपुढे ठेवू नका, सोल सुटतो, आत पेपर कोंबून सावलीत वाळवा.