घराच्या बांधकामावर अपघात झाल्यास भरपाई कोणत्या विम्यातून मिळते?

प्रश्न
नमस्कार. आमच्या राहत्या घरावर आणखी एक मजला चढवायचा असून जुन्या स्लॅबला छेद देऊन आतून जिनाही काढायचा आहे. काम पुरे होईपर्यंत आम्ही दुसरीकडे राहणार आहोत. घराची विमा पॉलिसी चालू आहे, आणि आपलाही विमा असल्यामुळे आम्ही निर्धास्त राहावे, असे कंत्राटदाराचे म्हणणे आहे. परंतु परांचीवरून मजूर पडला, वरून निसटलेल्या विटेने रस्त्यावरच्या कोणाला इजा झाली किंवा वादळात अर्धवट भिंत कोसळली, तर भरपाई कोणत्या पॉलिसीतून मागायची, हे मला उलगडत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (विमा सर्वेक्षक)
आपण दिलेली तिन्ही उदाहरणे विम्याच्या दृष्टीने वेगवेगळ्या जोखमी आहेत, आणि त्या एकाच पॉलिसीत शोधल्यामुळेच बहुतेक गोंधळ होतो. मजुराची दुखापत कामगार भरपाईच्या विम्यात येते, रस्त्यावरील व्यक्तीची इजा त्रयस्थांच्या दायित्व विम्यात, आणि कोसळलेली भिंत किंवा साइटवर उतरवलेले सिमेंट व सळया बांधकामाच्या विम्यात, ज्याला कंत्राटदार मंडळी ‘सीएआर पॉलिसी’ (कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क्स) म्हणतात. या पॉलिसीला त्रयस्थ दायित्वाचा भाग सहसा जोडून मिळतो. मात्र त्या कामावरचे मजूर त्रयस्थ धरले जात नाहीत, म्हणून त्यांचा विमा स्वतंत्रपणे पाहावा लागतो.

घराच्या चालू पॉलिसीवर विसंबू नये. ती बांधून पूर्ण झालेल्या, राहत्या घराची जोखीम गृहीत धरून दिलेली असते. भार वाहणाऱ्या भागाला हात लावणे किंवा ठरावीक मुदतीपेक्षा (अनेक पॉलिसींत ती ३० किंवा ६० दिवसांची असते) अधिक काळ घर रिकामे ठेवणे, हे विमा कंपनीला आधी लेखी कळवले नसेल, तर दावा नाकारायला तेवढे कारण पुरते. कळवल्यावर कंपनी कदाचित जादा हप्ता मागेल किंवा काही जोखमी तात्पुरत्या वगळेल. पण ते अपघातानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

प्रतिसाद २ (स्थापत्य अभियंता)
‘माझा विमा आहे’ हे वाक्य साइटवर फार ऐकू येते, आणि कागद मागितल्यावर तो विमा टेम्पोचा किंवा मिक्सर यंत्राचा निघतो. म्हणून पॉलिसीची पूर्ण प्रत मागून घ्यावी आणि तिच्यात मालक म्हणून आपले नाव विमाधारकांत आहे का, पत्ता आपल्याच साइटचा आहे का, आणि सेंट्रिंगवाले, वायरमन, प्लंबर अशा उपकंत्राटदारांची माणसे धरली आहेत का, हे स्वतः वाचून पाहावे. उंचीवरच्या कामाला काही पॉलिसींत मर्यादा असते. आपल्या बाबतीत ती अट निर्णायक ठरू शकते.

विमा रक्कम हा दुसरा कच्चा दुवा. हप्ता वाचवण्यासाठी कामाची किंमत कमी दाखवण्याची सवय सर्रास आहे. समजा, ती प्रत्यक्ष किमतीच्या ६० टक्केच दाखवली. मग पॉलिसीत सरासरीचे कलम (विमा जितका कमी, त्याच प्रमाणात भरपाई कमी करणारी अट) असेल, तर नुकसान लहान असले तरी कंपनी त्याचेही ६० टक्केच देते. मालकाने स्वतः आणून दिलेल्या साहित्याची किंमतही या रकमेत धरावी लागते.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. आमची एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे. स्लॅब तोडताना त्यांच्या बाजूला तडे गेले, तर ते नुकसान त्रयस्थ दायित्वात येईल ना?

प्रतिसाद १ (विमा सर्वेक्षक)
आपोआप येईलच असे नाही. हादऱ्यांमुळे किंवा आधार काढल्यामुळे शेजारच्या इमारतीला पोहोचलेली हानी अनेक पॉलिसींत मुळात वगळलेली असते आणि जादा हप्ता भरून जोडून घ्यावी लागते. जोडून घेतली तरी केवळ वरवरच्या तड्यांची भरपाई बहुधा मिळत नाही; इमारतीची मजबुती किंवा सुरक्षितता धोक्यात आल्याचे दाखवावे लागते. त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वी शेजाऱ्यांच्या समक्ष त्या भिंतीची छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक जुन्या तड्याशेजारी मोजपट्टी धरावी आणि त्या नोंदीवर दोघांनीही तारखेसह सह्या कराव्यात. जुना तडा कोणता आणि नवा कोणता, हा वाद एरवी मिटता मिटत नाही.

सदोष कामाचेही असेच आहे. टेकू कमी लावल्याने ओला स्लॅब खाली आला, तर तो पुन्हा घालण्याचा खर्च बहुधा वगळला जातो; मात्र त्याखाली दबलेल्या चांगल्या भागाची भरपाई पॉलिसीच्या शब्दरचनेनुसार मिळू शकते.

प्रतिसाद ३ (विमा सल्लागार)
दोन गोष्टींची भर घालतो. अपघात झाल्यास जखमींना मदत आणि पुढचा धोका टाळण्यापुरती हालचाल केल्यावर बाकी जागा नुकसान तपासणारा सर्वेक्षक येईपर्यंत आहे तशी ठेवावी आणि कंपनीला विनाविलंब कळवावे; ढिगारा हौसेने उचलून टाकणारे मुकादम पुष्कळ असतात. शिवाय बांधकामाचा विमा काम ताब्यात घेताच किंवा नवा भाग वापरू लागताच सहसा संपतो, म्हणून वरच्या मजल्यावर सामान हलवण्यापूर्वीच घराच्या पॉलिसीची विमा रक्कम वाढवून घ्यावी.