मदत हवी आहे: समुद्राचं तापमान उणे १८५ अंश येतंय!

लाटांकित
परवा रिपोर्ट द्यायचाय आणि गाडी इथेच अडली आहे. उपग्रहाच्या डेटातला, भर समुद्रातला एकच पिक्सेल. थर्मलमधून (उष्णतेच्या अवरक्त किरणांवरून) २८ अंश येतात, मायक्रोवेव्हमधून उणे १८५! फाइल पुन्हा डाउनलोड केली, आकडा तोच. स्केल फॅक्टर लावलेला आहे, कृपया तेच सांगू नका. फाइल खराब आहे का? असेल तर दुसरी कुठून घ्यायची?

कंपासपेटी
सेन्सर कुठला? चॅनल कुठलं? पोलरायझेशन (लहरीच्या कंपनाची दिशा) कुठलं? केल्विनमध्ये मूळ आकडा किती? नुसतं 'मायक्रोवेव्ह' म्हटल्यावर काय सांगणार?

टाचणखिळा
स्केल फॅक्टरच असणार. एएमएसआर-२ या मायक्रोवेव्ह सेन्सरचा ब्राइटनेस टेम्परेचरचा डेटा पूर्णांकात साठवलेला असतो, ०.०१ ने गुणावं लागतं. नव्वद टक्के लोक इथेच अडकतात.

लाटांकित
@टाचणखिळा, वर लिहिलंय की लावलाय म्हणून.
@कंपासपेटी, एएमएसआर-२ च आहे. १०.६५ गिगाहर्ट्झ, एच (आडवं पोलरायझेशन). मूळ आकडा ८८ केल्विन, त्यातून २७३ वजा केले. थर्मल म्हणजे मोडिस या दुसऱ्या उपग्रह-सेन्सरचा बँड ३१ (११ मायक्रोमीटर).

रडारप्रेमी
पॅसिव्ह मायक्रोवेव्हच्या (स्वतः लहर न सोडता नुसतं मोजणाऱ्या सेन्सरच्या) नादी लागूच नका. सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह घ्या. सी बँड, ढगांतून आरपार दिसतं, रात्रीही चालतं, पिक्सेलही बारीक. माझं सगळं काम त्याच्यावरच चालतं.

कंपासपेटी
@रडारप्रेमी, त्यांना तापमान हवंय. सेंटिनेल-१ स्वतः लहर सोडतो आणि परत आलेली मोजतो. त्यावरून पृष्ठभाग किती खडबडीत, किती ओला ते कळतं. समुद्र किती गरम आहे ते त्यात नसतं.

रडारप्रेमी
मान्य, पण रिपोर्टला नकाशा देखणा होईल.

खोलपाणी
माझ्या मते फाइल ठीक आहे. मायक्रोवेव्हची तरंगलांबी मोठी म्हणून ती आत शिरते. थर्मलला वरचं ऊन लागलेलं पाणी दिसतं, मायक्रोवेव्हला खालचं थंड. दोन आकडे वेगळे येणारच.

मातीमोल
@खोलपाणी, हे पटत नाही. अगदी तळाचं पाणी धरलं तरी ते गोठणबिंदूच्या आसपास असेल. उणे १८५ ला तर हवेतला ऑक्सिजनसुद्धा द्रव होतो. शिवाय १० गिगाहर्ट्झला पाण्यात जेमतेम मिलीमीटरभर खोलीवरचं दिसतं. आत शिरण्याचा मुद्दा कोरड्या वाळूत किंवा कोरड्या बर्फात खरा, पाण्यात नाही.

@लाटांकित, तुमचा ८८ हा आकडा बरोबर आहे. फक्त त्यातून २७३ वजा करू नका, ते समुद्राचं तापमान नव्हेच. तेवढीच ऊर्जा एखाद्या आदर्श कृष्णवस्तूने (सगळी ऊर्जा शोषणाऱ्या आणि तेवढीच पूर्ण सोडणाऱ्या वस्तूने) सोडली असती तर तिचं तापमान किती असतं, एवढंच ब्राइटनेस टेम्परेचर सांगतं. मायक्रोवेव्हमध्ये रेले-जीन्सचं सूत्र चालतं, म्हणजे ऊर्जा सरळ तापमानाच्या प्रमाणात. म्हणून ब्राइटनेस टेम्परेचर बरोबर उत्सर्जकता (कृष्णवस्तूच्या तुलनेत वस्तू किती ऊर्जा सोडते तो हिस्सा) गुणिले खरं तापमान. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचं माप) प्रचंड, कमी वारंवारतेला ८० च्या आसपास. कोरड्या मातीचा ३-४. स्थिरांक मोठा म्हणजे परावर्तन जास्त, आणि किरखोफच्या नियमाने जे जास्त परावर्तित करतं ते कमी उत्सर्जित करतं. एएमएसआर-२ साधारण ५५ अंशांच्या कोनातून बघतो. त्या कोनात शांत पाण्याची एच उत्सर्जकता पाव भागाच्या जवळपास येते. ३०१ चा पाव भाग काढा, त्यात हवेचं स्वतःचं उत्सर्जन आणि पाण्यावरून परावर्तित होऊन आलेलं आकाशाचं उत्सर्जन मिळवा. तुम्ही ८८ च्या आसपासच पोचता.

पडताळा हवाय? त्याच पिक्सेलचं व्ही (उभ्या पोलरायझेशनचं) चॅनल उघडा. १७० च्या जवळपास असायला हवं. एकाच क्षणी, एकाच पाण्याची दोन 'तापमानं' असू शकत नाहीत. उत्सर्जकता मात्र दोन असू शकतात.

टाचणखिळा
दोन्ही उपग्रह एकाच वेळी वरून गेले होते का, हे आधी बघायला हवं. दुपारचं आणि पहाटेचं पाणी सारखं नसतं.

कंपासपेटी
भर समुद्रात त्याने अंश-दोन अंशांचा फरक पडेल. इथे दोनशेच्या वर आहे.

लाटांकित
व्ही १७१ आहे! आणि आत्ता लक्षात आलं, किनारा ओलांडला की एचचा आकडा ८८ वरून थेट २६५ च्या आसपास चढतो. थर्मलमध्ये किनारा नीट ओळखूसुद्धा येत नाही. मग उत्सर्जकता थर्मलमध्ये का छळत नाही? तिथे मी काहीच दुरुस्ती केली नव्हती.

मातीमोल
छळते, पण कमी. दोन कारणं आहेत. एक, ११ मायक्रोमीटरला पाण्याची उत्सर्जकता ०.९९ च्या जवळ असते, माती-झाडांचीही बहुतेक ०.९ च्या वर. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. त्या तरंगलांबीला प्लँकच्या (तापमानावरून किरणांची ऊर्जा देणाऱ्या) सूत्रातला घातांक ३०० केल्विनला चारच्या वर जातो. तापमान जरासं बदललं की ऊर्जा भराभर बदलते. म्हणून उत्सर्जकतेत ०.०१ ची चूक झाली तर थर्मलमध्ये पाऊण अंशाच्या आत फरक पडतो. मायक्रोवेव्हमध्ये तेवढ्याच चुकीला ब्राइटनेस टेम्परेचर ३ अंशांनी बदलतं. हे आकडे रिपोर्टमध्ये घाला, परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात.

आभाळमाया
सगळे उत्सर्जकतेवर बोलताहेत, पण ते २८ तरी खरे कुठे आहेत? बँड ३१ खिडकीतला (हवा फारशी अडवत नाही अशा तरंगलांबीचा) असला तरी दमट हवेत बाष्प मधल्यामध्ये ऊर्जा शोषतं आणि वरच्या थंड थरांतून कमी सोडतं. खरं पाणी त्याहून गरम असणार. बँड ३१ आणि ३२ मधला फरक वापरून दुरुस्ती करतात, त्याला स्प्लिट विंडो म्हणतात. आणि ढगाचा मास्क लावलाय का, म्हणजे ढगाळ पिक्सेल वगळलेत का? थर्मलला ढगापलीकडचं काही दिसत नाही.

लाटांकित
मास्क लावलाय. स्प्लिट विंडो केलेली नाही.

खोलपाणी
आत शिरण्याचा मुद्दा मी सोडत नाही. एल बँडला, २१ सेंटिमीटरला, मातीत आतलं दिसतंच की.

मातीमोल
मातीत दिसतं, वरच्या काही सेंटिमीटरमधलं. स्मॅप आणि स्मॉस हे मातीतला ओलावा मोजणारे उपग्रह त्याच्यावरच चालतात. पण तिथेही मुख्य खेळ पाण्याचाच: माती भिजली की उत्सर्जकता घसरते आणि जमीन 'थंड' दिसते.

रडारप्रेमी
स्मॅपवर रडारसुद्धा होतं. २०१५ च्या जानेवारीत उपग्रह गेला आणि जुलैत रडार बंद पडलं. ते चालू राहिलं असतं तर आज ही चर्चा वेगळी झाली असती.

टाचणखिळा
६.९ गिगाहर्ट्झ वापरणार असाल तर जमिनीवरच्या रेडिओ यंत्रणांचा व्यत्यय तपासा. त्यासाठीच एएमएसआर-२ मध्ये ७.३ चं जादा चॅनल दिलंय.

लाटांकित
६.९ वापरत नाहीये. शेवटचं एक विचारतो: मायक्रोवेव्हचा पिक्सेल एवढा ढोबळ का? किनाऱ्यापासून बराच आत समुद्रात आलो तरी आकडे वर ओढलेलेच दिसतात.

कंपासपेटी
विवर्तन, म्हणजे लहरींचं पसरणं. किरणपुंजाची रुंदी तरंगलांबी भागिले अँटेनाचा व्यास या हिशोबाने ठरते. २.८ सेंटिमीटर आणि २ मीटरची अँटेना, ७०० किलोमीटर उंचीवरून तिरका मारा. १०.६५ ला जमिनीवरचा ठसा साधारण २४ गुणिले ४२ किलोमीटर. मोडिसचा थर्मल पिक्सेल एक किलोमीटरचा. तुमच्या ठशात जमिनीचा दहावा हिस्सा आला तरी एच १५-२० केल्विनने वर जातो. किनाऱ्यालगतची पट्टी सरळ वगळा आणि आलेखात एच-व्ही शेजारी शेजारी दाखवा.

टाचणखिळा
फाइल जिओटिफमध्ये (नकाशाला जोडता येणाऱ्या चित्र-फाइलमध्ये) बदलायची असेल तर कळवा, माझ्याकडे स्क्रिप्ट तयार आहे.