सायकल मारून वीज तयार केली तर पोट्टे व्यायामाला येतील काय?

आर्वीवाला:
राम राम मंडळी. आमचं गाव आर्वी तालुक्यात. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत व्यायामशाळा आहे. पोलीस भरती निघाली की पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर पळणाऱ्या पोट्ट्यांची रांग लागते. भरती आटोपली की खोलीला कुलूप. संध्याकाळी लाइन गेली की सारे पारावर मोबाइलात डोकं घालून. वीस-बावीसची पोरं जिना चढताना धापा टाकतात, पाहवत नाही.
जुनी ॲटलस सायकल स्टँडवर चढवून, मागच्या चाकावरून पट्टा घेऊन मोटर फिरवायची अन् बॅटरी चार्ज करायची, असं डोक्यात आहे. खोलीतले पंखे-दिवे चालतील काय? वर्गणी मागायच्या आधी नक्की कळलं पाहिजे.

वायरमन_पुलगाव:
भाऊ, आयटीआयच्या पोरांकडून हे करून घेतलं आहे. धडधाकट माणूस तासभर दमाने पायडल मारून ७५ ते १०० वॅट देतो. म्हणजे एका युनिटला (हजार वॅट-तास) दहा ते तेरा तास, अन् मोटर-बॅटरीत गळती होते ती वेगळी. साधा छताचा पंखाच ७५ वॅट खातो. मोबाइल भरण्यापुरती वीज मात्र वीस-पंचवीस मिनिटांच्या पायडलात होते.
गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर वीज बनवतो तो) घेऊ नका, त्याला फार वेग लागतो. २४ व्होल्टची पीएमडीसी (कायम चुंबकाची डीसी) मोटर घ्या, ती फिरवली की वीज देते. टायर काढून रिमवरूनच पट्टा घ्या, मोटरला दोन इंची पुली लावा. पायडल मिनिटाला साठ फेरे मारलं तरी १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होते. मध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देतो तो) हवाच, नाहीतर बॅटरीच मोटर फिरवते अन् पायडल सोडलं तरी चाक थांबत नाही. घरच्या लाइनला तर अजिबात जोडू नका.

क्रीडाशिक्षिका, दर्यापूर:
दादा, मोबाइल घरी फुकटच चार्ज होतो, त्यासाठी कोणी रोज घाम गाळणार नाही. आम्ही शाळेत बॅटरी बाजूला ठेवून गाडीच्या हेडलाइटचे ५५ वॅटचे बल्ब लावले. एक बल्ब मुली हसत-बोलत पेटवतात. दुसऱ्याचं बटण दाबलं की पायडल एकदम जड होतं, बोलणं बंद, मांड्या भरून येतात, अन् उजेड जरा पिवळा पडला की बाकीच्या ओरडतात, "मार, मार!" त्या ओरडण्यासाठी मुली परत येतात. फळ्यावर गटवार वॅट-तास लिहा.
पण भरतीवाल्यांचं पळणं सोडवू नका. सायकलवर दम वाढतो, मैदानावरची वेळ पळूनच सुधारते. अन् दिवसभर कापूस वेचून आलेल्या बायांना यात ओढू नका. त्यांच्या कमरेला आराम द्या.

आर्वीवाला:
ताई, पटलं. पंखा-दिव्यांसाठी छतावर सोलर पॅनलच लावतो. तीनशे वॅटचं एक पॅनल उन्हाच्या दिवशी सहज युनिटभर देतं, तेवढ्यासाठी दहा-तेरा पोट्टे तासतासभर दामटावे लागतील. सायकल दोन बल्ब अन् फळ्यासाठी. वायरमन भाऊ, वॅट-तास दाखवणारा डीसी मीटर वर्ध्यात मिळेल काय? अन् डायोड किती अँपिअरचा घेऊ?

वायरमन_पुलगाव:
डायोड २० अँपिअरचा घ्या, हीटसिंकसकट (गरमी बाहेर टाकणारी धातूची पट्टी). मीटर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारा, नसला तर मागवून देतील. पट्ट्यावर जाळी लावा, बारकी पोरं बोटं घालतात.