‘दहापैकी दहा’ देण्याआधी सोबत कोण होतं ते लिहा

पाथर्डीफाटा_आई

परवा इथे ‘कॉलेजरोड_०७’ यांनी थीम पार्कच्या रिसॉर्टमधल्या दोन रात्रींबद्दल लिहिलं. थोडक्यात असं: खोली झकास, पूल झकास, बुफेत सत्तरच्या वर पदार्थ मोजले, मुलगा खूश, दहापैकी दहा, ‘कुटुंबासाठी यापेक्षा चांगलं काही नाही’. त्या शेवटच्या वाक्यानं माझं डोकं फिरलं, कारण अशाच एका परीक्षणावर विसंबून आम्ही गेल्या मे महिन्यात गेलो होतो. पार्क दुसरं, नाव लिहीत नाही.

आम्ही सहा जण. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, सासऱ्यांना इन्सुलिन, मुलगी नऊ वर्षांची, धाकटा अडीचचा आणि आम्ही दोघं. रात्रीचं जेवण आठला सुरू होणार हे तिथे पोचल्यावर कळलं. सासऱ्यांना साडेसातला जेवावं लागतं आणि धाकटा साडेसातला झोपतो. पहिल्या रात्री सासऱ्यांनी खोलीतल्या बिस्किटांवर वेळ मारून नेली. आठला आम्ही गेलो तर रांग, कारण त्या दिवशी एका कंपनीचे दोनेकशे लोक उतरले होते. धाकटा माझ्या खांद्यावर झोपला, मी एका हातानं जेवले. सत्तर पदार्थांतला वरणभात शोधायला मला वीस मिनिटं लागली.

‘एक्स्ट्रा बेड’ म्हणजे जमिनीवर टाकलेली गादी. सासूबाईंना जमिनीवरून उठता येत नाही. शेवटी माझा नवरा दोन्ही रात्री त्या गादीवर झोपला, आणि सासूबाई आपल्यामुळे त्याला त्रास म्हणून रात्रभर जाग्या.

दुसऱ्या दिवशी पार्कच्या गेटवर मुलीच्या पिशवीतल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढून ठेवायला लावली. ते तर वेगळंच.

मला एवढंच म्हणायचंय की ‘कुटुंबासाठी’ हा शब्द वापरायचा तर कुटुंबातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाच्या बाजूनं लिहा. जेवण किती वाजता मिळतं, खोलीपासून जेवायच्या हॉलपर्यंत पायऱ्या किती, गादी जमिनीवर की खाटेवर, आणि शेवटी एकूण बिल किती झालं. पूल निळा होता हे फोटोत दिसतं.

कॉलेजरोड_०७

माझा उल्लेख करून लिहिलंय म्हणून उत्तर देतो. मी पदरचे पैसे घालून गेलो, कोणी फुकट नेलं नव्हतं. आम्ही तिघं होतो आणि तिघांना जे वाटलं ते लिहिलं. तुमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांचा अंदाज मला कॉलेज रोडवर बसून कसा यावा?

आणि पदार्थ मोजल्याचा एवढा राग का? माझे वडील वर्षातून एकदा आम्हाला हॉटेलात न्यायचे. चौघांत दोन मसाला डोसे, आणि आई म्हणायची मला भूक नाही. माझ्या मुलानं प्लेट हातात घेऊन विचारलं, ‘बाबा, यातलं काहीही घेऊ?’ मी म्हटलं, घे. दहापैकी दहा त्याला दिलेत. ते मी कमी करणार नाही.

तवा_आणि_तंदूर

अठरा वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढलीत, त्यातली सहा पार्कला लागून असलेल्या हॉटेलात. म्हणून दोन गोष्टी.

सत्तर पदार्थ हा आकडा कसा होतो ते ऐका. लोणची, पापड, चटण्या, चार प्रकारची सॅलड, कापलेली फळं, पाव, हे सगळं मोजलं जातं. भाज्या दहा दिसतात, पण मागे मोठी पातेली तीन: कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही, मखनी आणि पांढरी. यात फसवणूक नाही, पाचशे माणसांचं जेवण असंच होतं. पण आकड्यावरून चव ठरवू नका. त्यापेक्षा गरम पदार्थ खरोखर गरम आहे का ते बघा. वाफ नसलेली कढई शेवटच्या तासात तशीच पडून असेल तर त्यातलं मुलांना देऊ नका. गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवायचं असतं.

दुसरं, जेवण आठलाच का. पार्क संध्याकाळी बंद होतं, लोक खोलीवर जाऊन अंघोळी करतात आणि आठच्या सुमारास एकदम उतरतात. किचनची माणसं ब्रेक शिफ्टवर असतात, सकाळी येतात, दुपारी सुटतात, परत संध्याकाळी. सातला हॉल उघडायचा तर त्यांची दुपारची झोप जाते. ताई, तुम्ही चेक-इनच्या वेळी ‘इन्सुलिन आहे, साडेसातला मऊ खिचडी लागेल’ असं सांगितलं असतं तर बहुतेक किचन करून देतात. आम्ही रोज करायचो. पण लोक सांगत नाहीत आणि मग घरी जाऊन लिहितात.

पाथर्डीफाटा_आई

दादा, सांगितलं होतं. फ्रंट डेस्कनं लिहूनही घेतलं. किचनपर्यंत पोचलं नाही. तुमच्या माणसांच्या झोपेवर माझा राग नाही. पण ‘चेक-इनला सांगा, साडेसातला करून मिळेल’ हे एका तरी परीक्षणात असतं तर मी फोन करून नक्की करून घेतलं असतं. मी त्याबद्दलच तर बोलतेय.

हिशेबनीस

एकूण बिलाबद्दल ताई बरोबर बोलल्या, आणि त्यावरच लोक कधी लिहीत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८ टक्के. ७,५०० च्या खोलीचे ७,८७५ होतात आणि ८,००० च्या खोलीचे ९,४४०. दर पाचशेनं जास्त, बिल १,५६५ नं जास्त. महागड्या खोल्यांच्या हॉटेलात जेवणावरही १८ टक्के लागू शकतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटमध्ये ५. पॅकेजच्या जाहिरातीत ‘कर वेगळा’ बारीक अक्षरात असतं.

पॅकेज कुठलं तेही लिहा. सीपी म्हणजे फक्त नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. लोक एमएपी घेतात आणि दुपारभर पार्कात असल्यामुळे पुन्हा वेगळे पैसे मोजतात. मुलांचंही तसंच, हॉटेल वय विचारतं आणि पार्क उंची मोजतं. माझा पुतण्या हॉटेलात फुकट आणि पार्कात पूर्ण तिकिटाचा निघाला. पाचच वर्षांचा आहे, पण ताडमाड वाढलाय.

सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावला असेल तर काढायला सांगा. तो सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे जुलै २०२२ चे नियम दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये कायम केले. ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन.

पिंपळगाव_बागाईतदार

ताईंनी दशम्यांचं ‘ते वेगळंच’ म्हणून सोडून दिलं. माझ्यासाठी तेच मुख्य आहे.

मार्चमध्ये माल निघत होता, मला जाता आलं नाही. बहिणीची मुलं पार्कात निघाली तेव्हा मी दोन किलोची द्राक्षांची पेटी दिली. गेटवर ठेवून घेतली. संध्याकाळी परत मिळाली तेव्हा उन्हानं मऊ पडलेली. आणि आत प्लास्टिकच्या वाटीत मूठभर कापलेली फळं दीडशे रुपयांना, त्यात द्राक्षं होती. खत-औषधांची उधारी डोक्यावर घेऊन वर्षभर बाग सांभाळणाऱ्या माणसाच्या घरच्या पोरांनी द्राक्षं विकत घ्यायची, हे मला अजून गिळता येत नाही. कोणत्या कायद्यात बसतं हे?

जेलरोड_नाईटशिफ्ट

काका, कायद्यात बसतं, दुर्दैवानं. ३ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सिनेमागृहांच्या बाबतीत सांगितलं की जागा खाजगी आहे, बाहेरचं खाणं आणू न देण्याची अट मालक घालू शकतो. पण पिण्याचं पाणी मोफत हवं आणि तान्ह्या मुलांसाठी आईबापांनी आणलेलं खाणं अडवायचं नाही, हेही त्याच वेळी नोंदलं गेलं. तो निकाल सिनेमागृहांपुरता आहे, पण पार्कवाले बोलतात तेच.

माझं म्हणणं, सिनेमा तीन तासांचा. पार्कात माणूस आठ-नऊ तास उन्हात असतो. दोन्हीला एकच माप कसं?

चूल_बंद

एक विचारू? दशम्या कोणी केल्या? पेटी पुसून कोणी भरली? डबा, डबा, डबा. सगळे डब्याच्या बाजूनं हिरिरीनं बोलताय, आणि पहाटे चारला गॅस कोण पेटवतं त्याचं नाव एकानंही काढलं नाही.

लग्नाला बावीस वर्षं झाली. शिर्डी असो, वणी असो, गोवा असो, प्रत्येक सहलीच्या आदल्या रात्री मी पुऱ्या तळल्यात. गेल्या वर्षी मुलीनं पहिल्या पगारातून मला अशा रिसॉर्टमध्ये नेलं. मी तीन दिवस कशालाही हात लावला नाही. सकाळी कोणीतरी माझ्यासमोर गरम इडली ठेवली आणि वर ‘अजून काही आणू का’ असं विचारलं. मला रडू आलं. ती इडली महाग होती, कडक होती, सांबार गोड होतं. मला चालली. बाहेरचं खाणं बंद आहे ही अट मला वरदान वाटली, कारण घरात कोणी म्हणूच शकलं नाही की थोडं काहीतरी करून घे.

पिंपळगाव_बागाईतदार

वहिनी, तुमचं दुःख खरं आहे, पण त्याचा इलाज गेटवरच्या गार्डनं करायचा का? घरातल्या पुरुषांना डबा करायला शिकवा. दुसऱ्याच्या लेकरांची फळं कशाला अडवता?

चूल_बंद

‘शिकवा’ हेही मीच करायचं! इथेच थांबते, नाहीतर जास्त बोलेन.

देवळालीकर मावशी

दोघंही जरा दमानं घ्या. मी शाळेत होते, १९९० च्या दशकात मुलांच्या सहली एस्सेलवर्ल्डला नेल्यात. रात्री नाशिकहून निघायचं, सकाळी गोराईची बोट, डबे किनाऱ्यावरच बसून संपवायचे. ते पार्क २०२२ ला बंद झालं. पण डबा कधी भांडणाचा विषय नव्हता, कारण बसायला जागा शोधून ठेवलेली असायची.

मुलाकडे अमेरिकेत गेले तेव्हा ऑरलँडोचं डिस्नी वर्ल्ड पाहिलं. तिथे घरचं खाणं आत नेता येतं, काचेची भांडी आणि दारू तेवढी नको. मी थालीपीठ नेलं होतं, गार्डनं पिशवी उघडून बघितली आणि जाऊ दिलं. त्यांच्या हॉटेलात उतरलं की रोज अर्धा तास आधी पार्कात सोडतात, तेवढ्यासाठी तिथे राहण्याला अर्थ आहे. उलट जपानला टोकियो डिस्नीत डबा नेऊ देत नाहीत, पण प्रवेशद्वाराबाहेर बसून खाण्यासाठी वेगळी जागा करून दिलीय. म्हणजे बंदी घाला, पण बसायला सावली द्या. आपल्याकडे डबा आतही नेऊ देत नाहीत आणि बाहेर बसायला जागाही नाही म्हणून चीड येते.

जेलरोड_नाईटशिफ्ट

मावशी, टोकियोची सोय पटली. चूल_बंद ताईंचंही पटलं, मन मानत नसताना पटलं. माझी बायको हे वाचून माझ्याकडे नुसतं बघतेय.

पण मुळात राहायचंच कशाला? समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, ७६ किलोमीटर, कसाऱ्याचा जुना घाट चुकतो. मुंबईकडची पार्कं सकाळी जाऊन रात्री परत. शिर्डीचं वॉटर पार्क तर दिवसात आरामात होतं.

पाथर्डीफाटा_आई

दिवसभर पाण्यात भिजलेली दोन मुलं आणि रात्री चार तास गाडी चालवणारा थकलेला नवरा, हे नको म्हणूनच लोक राहतात. मी राहण्याच्या विरोधात नाही. आम्ही परत जाऊ. सासूबाईंना मुलांचं पाण्यातलं खेळणं बघताना जो आनंद झाला तो मी बघितलाय. म्हणून तर माहिती हवी.

आणि चूल_बंद ताई, दशम्या मीच केल्या होत्या. तुमचं वाचून त्या का केल्या याचा कालपासून विचार करतेय. थोडी मुलीच्या पोटाची काळजी होती. थोडी सासूबाई काय म्हणतील याची होती.

तवा_आणि_तंदूर

फ्रंट डेस्कनं लिहून घेऊन किचनला कळवलं नाही, हे मात्र मी आधी गृहीत धरायला नको होतं. हे होतं. माझ्या हॉटेलातही झालंय. संध्याकाळी पाचच्या आसपास इंटरकॉमवरून थेट किचनला किंवा रेस्टॉरंट मॅनेजरला फोन करत जा. चिठ्ठीवर विसंबू नका.

कॉलेजरोड_०७

ठीक आहे. पोस्टमध्ये भर घातलीय. सोबत कोण: आम्ही दोघं आणि अकरा वर्षांचा मुलगा, वयस्कर कोणी नाही. पॅकेज एमएपी. रात्रीचं जेवण आठ ते साडेदहा. एक्स्ट्रा बेड घेतला नव्हता, पण शेजारच्या खोलीत चाकांची खाट जाताना पाहिली. एकूण बिल करासकट ३१,२०० झालं आणि दोन दुपारची जेवणं पार्कात वेगळी. ‘कुटुंबासाठी’च्या जागी ‘आमच्या तिघांसाठी’ केलंय. गुण तेच ठेवलेत.

पायऱ्या आठवत नव्हत्या. मुलाला विचारलं, त्यानं मोजल्या होत्या. लिफ्टपासून जेवायच्या हॉलपर्यंत बारा.

पाथर्डीफाटा_आई

त्याला आणखी एक विचाराल का? बारा पायऱ्यांना कठडा आहे?

कॉलेजरोड_०७

एका बाजूला आहे. उतरताना डाव्या हाताला.