मदत हवी आहे : साध्या एलईडीले स्टिक घेऊ का बॉक्स? घरी वायफाय नाई

नमस्कार मंडळी, आर्णीकडचं खेडं आहे आमचं, यवतमाळ जिल्हा. घरी ३२ इंची साधा एलईडी आहे, स्मार्ट नाई, पण फ्री डिशचा डबा लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनीवर चालते म्हणून मांगचा एचडीएमआय रिकामाच पडून आहे. टीव्ही चांगला चालते तं नवा कायले घ्या? फायर स्टिक नाईतं शाओमीची स्टिक (एचडीएमआयमंधी खोचली का नेटवरून टीव्हीवर ॲप चालवते ते कांडी) लावू म्हणतो. आईले सुटलेल्या मालिका पाह्याच्या असतात, बाबूजीले क्रिकेट अन् कीर्तन, लेकराईले यूट्यूब.

अडचण नेटची. फायबर गावात आलीच नाई, माह्या फोनचा हॉटस्पॉट अन् रोजचा २ जीबी डेटा, अन् फोन माह्या खिशात, म्हणजे मी वावरात गेलो का घरचा टीव्ही बंद. वरून लाईनचं काय सांगू, आली का व्होल्टेज इतकं वरखाली होते का पंख्याचा आवाज बदलते. स्टिक जळन का? दुकानदार म्हणे बिनानावाचा अँड्रॉइड बॉक्स ने, सगळे ॲप फुकटात. नेऊ का?

उत्तर :
दादा, तो बॉक्स अजिबात घेऊ नका. सर्टिफिकेट नसलेल्या डब्यावर नेटफ्लिक्स-प्राइम एचडीत चालत नाही, अपडेट येत नाहीत, आणि फुकट ॲपच्या नावाखाली आत काय भरून ठेवलंय देव जाणे. ३२ इंचीला ४के पण नको, साधी फुल एचडी स्टिक पुरे. खरा प्रश्न डेटाचा आहे, नेटफ्लिक्सच्याच हिशोबानं एसडीला (साध्या चित्राला) तासाला १ जीबीपर्यंत लागतो आणि एचडीला ३ जीबीपर्यंत, म्हणजे तुमचे २ जीबी एका मॅचलाही पुरणार नाहीत. फायर स्टिकच्या सेटिंगमध्ये डेटा मॉनिटरिंग आहे, तिथं व्हिडिओ क्वालिटी 'गुड'वर ठेवा, म्हणजे जरा तग धरेल.

उत्तर :
भाऊ, घरी एखादा जुना फोन पडला असन तं त्याच्यात दुसरं सिम टाकून तो घरीच ठेवजा, हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झ बँडवर ठेवजा, भिंतीपलीकडं तोच बरा पोचते. अन् स्टिकले टीव्हीच्या यूएसबीतून करंट देऊ नका बावा, तिथं बहुतेक अर्धाच अँपिअर भेटते, स्टिक आपोआप बंद-चालू होत राह्यते. सोबतचाच अडाप्टर लावजा, तो स्टॅबिलायझरच्या बोर्डावर.
पण आधी गच्चीवर जाऊन ५जी येते का ते पाहा. येत असन तं एअरफायबरची (छतावर अँटेना बसवून ५जीवर घरात वायफाय देतात ते) चौकशी करा, त्याच्या बऱ्याच प्लॅनमंधी सेट टॉप बॉक्स सोबतच येते, मंग स्टिक घ्याचं कामच नाई.

धागाकर्ता :
हाव, हे डोक्यातच नोतं. टिनाच्या छतावर फोन नेऊन पाह्यला, ५जीच्या दोन काड्या येतात, खाली घरात ४जीच. इतक्यावर बसवून देतात का? अन् टिनावर पाईप ठोकाले लागन का भिंतीवर भागते? पावसाळ्यात टिन गळाले नको, एवढंच.