मदत हवी आहे: बाळंतपणानंतर भावजय खचली आहे, मोठा मुलगा बोलत नाही. गावात नेमकं कुणाकडे जावं?

मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते. आज अडले आहे म्हणून लिहितेय. थोडं लांबेल.

माझा धाकटा भाऊ, भावजय, त्यांची दोन मुलं आणि आमची आई माण तालुक्यात (जि. सातारा) एका वाडीवर राहतात. मी पुण्यात. भाऊ टेम्पो चालवतो, आठवड्यातले बरेच दिवस बाहेरच. धाकटी मुलगी साडेतीन महिन्यांची, मोठा मुलगा पावणेतीन वर्षांचा.

मुलगी झाल्यापासून भावजयीचं काहीतरी बिनसलंय. सुरुवातीला रडायची तेव्हा सगळे म्हणाले, ओली बाळंतीण आहे, होतं असं. आता रडत नाही, पण बोलतही नाही. बाळ रडलं की घेते, पाजते, परत खाली ठेवते. बाळ झोपलं तरी हिचा डोळ्याला डोळा लागत नाही. जेवण म्हणजे दोन घास. पूर्वी माझ्याशी फोनवर तासन् तास बोलायची, आता नुसतं "हं". परवा म्हणाली, "ताई, मी नसते तर पोरांना बरी आई मिळाली असती." तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

आई म्हणते बाहेरचं काही असेल, बघून घेऊ. भाऊ म्हणतो, वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं की गावभर बोभाटा. एका खाजगी दवाखान्यात दाखवलं, त्यांनी टॉनिक लिहून दिलं.

मोठ्या मुलाचं वेगळंच. मोजके सुटे शब्द बोलतो. काही हवं असलं की आपला हात धरून तिथे ओढत नेतो. हाक मारली तर कधी बघतो, कधी नाही. घरात कुणाला उसंत नाही म्हणून हातात मोबाइल दिलेला असतो.

दर महिन्याला पुण्यात खाजगी डॉक्टर परवडणार नाही. सरकारी व्यवस्थेत सुरुवात कुठून करायची? आधी भावजयीचं बघायचं की मुलाचं? आमच्या आशाताई भावकीतल्याच आहेत, त्यांना सांगितलं की वाडीला कळलंच समजा. आणि भावजयीला स्वतःला एक धास्ती आहे: दवाखान्यात ठेवलं तर बाळ काढून घेतील का?

— वाटसरू_पुणे

*

कृष्णाकाठ:
बाकी सगळं नंतर. "मी नसते तर" हे वाक्य हलक्यात घेऊ नका. आजच फोन करा आणि सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट माणूस मोकळं होतं. उत्तर "हो" आलं, किंवा ती विचारात पडली, तर तिला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

वाडीवरचं घर आहे. फवारणीची औषधं घरात किंवा गोठ्यात उघड्यावर असतील तर आईला सांगून कुलपात टाका, किल्ली दुसऱ्याच्या घरी. हे आज करायचं.

टेली-मानस म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा, नंबर १४४१६. चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. पेशंटनेच फोन करायला हवा असं नाही. नणंद म्हणून तुम्ही पुण्यातून लावा आणि इथे लिहिलंय तसंच सांगा.

*

ओपीडी_नंबर_सात:
मी मानसोपचारात काम करतो. इथे निदान करणार नाही, पण चित्र ओळखीचं आहे. बाळंतपणानंतरची रड, हळवेपणा साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. साडेतीन महिन्यांनीही झोप, भूक, बोलणं गेलेलं असेल तर तो आजार समजून तपासायचा. रक्त तपासताना हिमोग्लोबिन आणि थायरॉइड दोन्ही बघायला सांगा. बाळंतपणानंतर काहींचा थायरॉइड बिघडतो आणि बऱ्याचदा तो कुणी तपासतच नाही.

औषधांची भीती असते म्हणून सांगतो: अंगावर पाजताना चालतील अशी नैराश्यावरची औषधं आहेत. "दूध पाजते आहे" हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा आणि कुणाच्या सांगण्यावरून दूध तोडू नका.

बाळ काढून घेण्याबद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम २१. आई मानसिक आरोग्य संस्थेत दाखल असेल तर तिच्या तीन वर्षांखालच्या मुलाला सर्वसाधारणपणे तिच्यापासून वेगळं करायचं नाही, असं तिथे लिहिलेलं आहे. आजारामुळे बाळाला धोका आहे किंवा बाळाच्या हितासाठी, सुरक्षिततेसाठी गरज आहे असं मानसोपचारतज्ज्ञांना वाटलं तरच तात्पुरतं वेगळं, तेही देखरेखीखाली आईला भेटू देऊन. बंगळूरच्या निम्हान्स या मोठ्या मानसिक आरोग्य संस्थेत तर आई आणि बाळ एकत्र दाखल होतील असा स्वतंत्र विभागच आहे. तुम्हाला तिकडे जावं लागेल असं मुळीच नाही. तिच्यासारख्या बहुतेक बायकांचं बाहेरून उपचार घेऊनच भागतं.

मात्र तिला नसलेले आवाज ऐकू येत असतील, बाळाबद्दल भलतंसलतं बोलत असेल, झोप न घेताही अंगात ताकद संचारल्यासारखी वागत असेल, तर ओपीडीची वाट बघू नका. १०८ बोलवा.

*

नलू_सेविका:
ताई, मी अंगणवाडी सेविका आहे, तुमच्या नाही पण शेजारच्या जिल्ह्यात. तुमचा आशाताईंचा मुद्दा वाचला. राग आला नाही, खरंच आहे ते. आम्ही त्याच गावच्या सुना. पाण्याला जाताना भेटणार, लग्नात भेटणार. गोष्ट फुटते कधीकधी. पण आशाला वगळून जायचं ठरवलंत तर पुढचं सगळं अवघड होईल. कारण सांगते.

बाळाच्या घरी आशा तशीही येणारच असते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. त्यानंतर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्यात. तुमच्याकडे तिसऱ्या महिन्याची भेट नुकती झाली असेल किंवा राहिली असेल. म्हणजे ती दारात आली तर कुणाला काही वेगळं वाटायचं कारणच नाही, ती बाळाचं वजन बघायला आली! ही आडोशाची जागा फुकट मिळाली आहे, वापरा. तिला "भावजयीला वेड लागलंय" असं सांगायचं नाही. सांगायचं, "हिला झोप नाही, अन्न जात नाही, अंगात रक्त आहे का बघायचंय, उपकेंद्रात घेऊन चला." एवढ्यावर ती हलेल.

उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी असतात, आम्ही सीएचओ म्हणतो. बऱ्याचदा त्या बाहेरगावच्या असतात, भावकीतल्या नाहीत. खरं बोलायचं ते त्यांच्याशी, दार लावून. ई-संजीवनीवरून (सरकारची ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याची सेवा) त्या तिथूनच मोठ्या डॉक्टरांशी बोलणं करून देऊ शकतात. पुढे पाठवायचं झालं तर चिठ्ठी लिहून घ्या. चिठ्ठी असली की जिल्ह्याला गेल्यावर "कशाला आलात" असं कुणी म्हणत नाही.

आता पोराचं. अंगणवाडीत त्याचं नाव आहे का आधी बघा. नसेल तर या आठवड्यात घाला. तीन पूर्ण झाल्यावर तो रोज येऊन बसेल, गरम आहार मिळेल, चार पोरांत मिसळेल, आणि त्या वेळात भावजयीला जरा पाठ टेकता येईल. तोवर घरी नेण्याचा आहार मिळतो, बाळाच्या आईलाही सहा महिने मिळतो. शाळा-अंगणवाडी तपासणारं डॉक्टरांचं पथक असतं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, आरबीएसके म्हणतात). अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. पुढची फेरी कधी आहे ते सेविकेला विचारा. फेरी लांब असेल तर थांबायचं नाही, पथकाच्या डॉक्टरांना आधीच कळवायला लावा. ते मुलाला जिल्ह्याच्या डीईआयसीत (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) पाठवतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, कान-वाचेचे तज्ज्ञ, मानसशास्त्राच्या बाई, व्यायाम शिकवणारे असे सगळे एकाच ठिकाणी बसतात.

एक मात्र सांगून ठेवते. आमच्याकडं कामाचा बोजा एवढा आहे की नुसतं "लक्ष ठेवा हो" म्हटलं की ते राहून जातं. नेमकं काय पाहिजे ते सांगा, वार ठरवा, आदल्या दिवशी फोन करा.

*

घाटमाथा:
एवढा व्याप कशाला? महिनाभर माहेरी पाठवा. आईजवळ गेली की चार दिवसांत ताळ्यावर येईल. आमच्या घरी हेच केलं होतं.

*

कृष्णाकाठ:
@घाटमाथा, माहेर उपयोगी पडतं, नाही असं नाही. पण माहेर म्हणजे उपचार नव्हे, आणि सगळ्यांचं माहेर सारखं नसतं. आधी तिलाच विचारायला हवं ना? शिवाय आत्ता गाव बदललं की आशा, अंगणवाडी, लसीकरण सगळं नव्याने जुळवा.

*

पर्वरी_ते_पेडणे:
गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे 'संगत' ही संस्था १९९६पासून याच विषयावर काम करते. त्यांनी गोव्यात आणि रावळपिंडीकडच्या लोकांनी तिकडे असा एक प्रयोग केला होता: नैराश्य आलेल्या गरोदर बायकांच्या घरी डॉक्टर नव्हे, त्याच वस्तीतल्या शिकवून तयार केलेल्या बायका जायच्या. बाळंतपणानंतरही जात राहायच्या. पद्धत मूळची पाकिस्तानातली, पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तिची पुस्तिका काढली.

हे सांगायचं कारण, त्यातलं बरंचसं घरच्या माणसाला करता येतं. तीनच गोष्टींबद्दल बोलायचं: आईची स्वतःची तब्येत, आईचं बाळाशी नातं, आईचं घरातल्या माणसांशी नातं. आणि दर खेपेला एक अगदी छोटं काम ठरवायचं. "आनंदी राहा" हे काम नव्हे. "उद्या बाळाला तेल लावताना दहा मिनिटं तिच्याशी बोल, तोवर भांडी सासूबाई बघतील" हे काम. तुमच्या आईंचा भाग त्यात घालणं महत्त्वाचं, कारण दिवसभर त्याच तिथे आहेत. 'बाहेरचं'वरून त्यांच्याशी वाद घालू नका. अंगारा लावायचा तर लावा म्हणावं, डॉक्टरकडेही जाऊ. औषध थांबवलं नाही, मारझोड-उपास नाही, एवढं पाळलं की झालं.

*

ओपीडी_नंबर_सात:
वरच्या प्रतिसादाला जोडून. मुलाबद्दल इथे कुणी 'ऑटिझम' असं काही बोलू नये. पहिली तपासणी कानांची. नीट ऐकू येत नसलेलं मूलही हाकेला कधी बघतं, कधी नाही. आई महिनोन् महिने गप्प असेल तर घरात मुलाच्या कानावर शब्दच कमी पडतात, हेही त्यात धरा. म्हणून "आधी आई की आधी मूल" असं करू नका. जिल्ह्याला एकाच दिवशी दोघांना न्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी आणि डीईआयसी यांचे वार जुळतात का ते आधी फोनवर विचारा. मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणीही जातं, तुमच्याकडे कधी येतं तेही विचारा, म्हणजे पुढच्या खेपा जवळच होतील.

*

वाटसरू_पुणे:
सगळ्यांचे मनापासून आभार. कृष्णाकाठ, तुम्ही म्हणालात तसं विचारलं. म्हणाली, मरावंसं वाटत नाही, पण झोपावं आणि उठूच नये असं वाटतं. १४४१६ला फोन केला, बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तिच्याशीही बोलल्या. फवारणीची औषधं चुलत्यांच्या खोलीत कुलपात गेली. रात्री आई तिच्या खोलीत झोपते. कलम २१चं मी तिला फोनवर वाचून दाखवलं. दोनदा विचारलं, "खरंच लिहिलंय?"

नलूताई, तुमचं वाक्य आशाताईंना जसंच्या तसं सांगितलं. उद्या उपकेंद्रात नेणार आहेत, मीही आज रात्रीच निघते. भाऊ मात्र अजून अडून बसलाय. म्हणतो, मनोरुग्ण म्हणून कुठे नोंद झाली तर पुढे मुलांच्या लग्नात अडचण येईल. याला काय सांगू?

*

ओपीडी_नंबर_सात:
त्याच कायद्याचं कलम २३ सांगा. आजाराची आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. ती कुठल्या दारावर चिकटवत नाहीत. आणि "उठूच नये" हेही डॉक्टरांना शब्दशः सांगा, गाळू नका. त्यावरून तिला लवकरची तारीख मिळेल.

*

नलू_सेविका:
भावाला गाडी चालवायला न्या ताई. टेम्पोवालाच आहे, "जिल्ह्याला सोडायला चल" म्हणा, बाकी काही बोलू नका. तिथं डॉक्टर त्याला आत बोलावतीलच. जाताना बाळाचं लसीचं कार्ड, दोघांचे आधार आणि खाजगीतला टॉनिकचा कागद एका पिशवीत घ्या. आणि पोराचा डबा. रांगेत दुपार होते.