भरपूर पळवूनही पॉइंटर घरात शांत बसत नाही

प्रश्न: आमची जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर कुत्री दहा महिन्यांची असून, सकाळ-संध्याकाळ मनसोक्त पळवूनही घरात आल्यावर ती गादीचे कोपरे कुरतडते. व्यायाम आणखी वाढवावा का?

उत्तर 1: मुळीच नाही. या वयात हाडांच्या टोकांची वाढ सुरू असल्याने कडक रस्त्यावर सायकलीबरोबर पळवणे सांध्यांना अपायकारक ठरू शकते. शिवाय नुसत्या पळण्याने तिचा दम तेवढा वाढतो, खोड्या तशाच राहतात. ही जात वासावरून शिकार हुडकण्यासाठी घडवलेली आहे, तेव्हा नाकाला काम द्यावे. कोरड्या खाद्याचे दाणे गवतात विखरून ठेवावेत. नाक जमिनीशी नेऊन ती नागमोडी फिरू लागली, की गादीचा विसर पडतो.

उत्तर 2: सहमत आहे, परंतु मोकळे पळणे पूर्ण थांबवू नये. खोल छातीच्या कुत्र्यांत जठराला पीळ पडण्याचा धोका अधिक असल्यामुळे जेवणानंतर तासभर तरी धावपळ टाळावी. पोट फुगून कोरड्या ओकाऱ्या आल्यास सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकांकडे न्यावे.

उत्तर 3: स्वस्थ पडणेही शिकवावे लागते. ती आपणहून चटईवर विसावली, की काही न बोलता तिच्या पंजांपाशी खाऊ ठेवावा. (गादी मात्र तूर्त उचलून ठेवलेली बरी.)